स्वस्त चिप, महाग वीज

पेण किंवा रोह्यात नवा कॉम्प्युटर जोडून घ्यायचा म्हटला की दुकानदाराच्या कागदावर बरेचदा दोन पर्याय येतात. एकात अलीकडच्या पिढीतला सहा कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर असतो. दुसऱ्यात चौदा कोअरचा ‘झिऑन’ असतो. हा एकेकाळी मोठ्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये बसलेला, आता तिथून निवृत्त होऊन दोन-तीन हजार रुपयांत मिळणारा प्रोसेसर. चौदा विरुद्ध सहा, आणि चौदावाला स्वस्त! कागदावर निवड सोपी दिसते.

ती तशी नसते. ऑनलाइन अर्ज भरून देणारे सेवा केंद्र, लग्नाचे व्हिडिओ करणारा फोटो स्टुडिओ, धाटाव एमआयडीसीतल्या ठेकेदारांची जीएसटी विवरणे भरणारा करसल्लागार, अभियांत्रिकीला गेलेली मुलगी, या सगळ्यांसाठी कॉम्प्युटर म्हणजे तीस-चाळीस हजारांचा आणि पुढच्या चार-पाच वर्षांचा निर्णय. त्यातला खरा खर्च दुकानात दिसत नाही. तो महिन्याच्या वीजबिलात, खोलीतल्या उकाड्यात आणि कामाच्या खोळंब्यात थोडाथोडा वसूल होत राहतो.

इतका स्वस्त का?

पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. इंटेलचा ‘झिऑन ई५-२६८० व्ही४’ हा चौदा कोअरचा प्रोसेसर २०१६ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याची यादीतली किंमत १,७४५ डॉलर होती. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या सहा कोअरच्या ‘कोअर आय५-१२४००’ची किंमत होती १९२ डॉलर. म्हणजे नवा असताना हा झिऑन आय५ च्या नऊपट महाग होता. मग तो भंगाराच्या भावात कसा आला?

तो बिघडला म्हणून नव्हे. सिलिकॉनची चिप वापराने सहसा झिजत नाही. पंखे, कपॅसिटर, हार्ड डिस्क या गोष्टी तिच्या आधी जातात. पेणहून तासाभराच्या अंतरावर पनवेलजवळ २०२० मध्ये सुरू झालेले ‘योट्टा’चे डेटा सेंटर आहे. अशा ठिकाणी हजारो सर्व्हर रात्रंदिवस चालतात. तिथे यंत्राच्या किमतीइतकेच महत्त्व त्याला लागणाऱ्या विजेला, ते थंड ठेवण्याच्या खर्चाला आणि त्याने अडवलेल्या जागेला असते. नवी पिढी तेवढ्याच विजेत जास्त काम करू लागली, की जुने चालू यंत्रही काढून टाकणे परवडते. साधारण पाच-सहा वर्षांनी असे सर्व्हर घाऊक भावाने विकले जातात. त्यांतले प्रोसेसर आणि मेमरी सुटी होऊन जगभरच्या बाजारात पसरतात आणि त्यांतले काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत येऊन पोहोचतात.

विजेचा हिशेब सर्वांत काटेकोरपणे करणाऱ्या माणसाने ही चिप ‘परवडत नाही’ म्हणून सोडली आहे. तीच चिप घरच्या मीटरवर परवडेल का, हे तपासून पाहिलेच पाहिजे.

मूर्तिशाळेतले गणित

चौदा कोअर म्हणजे चौदा कारागीर. ते सहा कारागिरांहून जास्त काम करतील, हे उघड वाटते. पण कोणते काम?

याचे उत्तर पेणच्या कुठल्याही गणपतीच्या कारखान्यात मिळते. साच्यातून मूर्ती काढणे, सुकवणे, घासणे, अंगाचा रंग देणे ही कामे वाटून देता येतात. माणसे वाढवली की मूर्ती भराभर पुढे सरकतात. पण डोळ्यांची आखणी मोजक्या सरावलेल्या हातांचेच काम. तो हात एकच असेल, तर मागे घासकामाला दहा माणसे असोत की वीस, मूर्ती आखणीपाशी येऊन थांबणारच. कारखान्याचा वेग शेवटी त्या एका हातावर ठरतो.

कॉम्प्युटरच्या बाबतीत हीच गोष्ट जीन अॅमडाल या अमेरिकी अभियंत्याने १९६७ मध्ये गणितात मांडली. कामाचा जेवढा भाग वाटून देता येत नाही, तेवढा भाग कितीही कोअर वाढवले तरी कमी होत नाही. हा ‘अॅमडालचा नियम’.

आता आकडे घालून पाहू. रोजच्या कामात वर सांगितलेल्या आय५ चा एक कोअर त्या झिऑनच्या एका कोअरच्या जवळजवळ दुप्पट काम करतो. घड्याळाचा वेग हे त्याचे एक कारण: झिऑनचा कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ, आय५ चा ४.४. दुसरे कारण असे, की नवा कोअर घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यात जास्त सूचना उरकतो. हिशेबासाठी ‘दुप्पट’ धरू आणि जुन्या एका कोअरला शंभर मिनिटे लागतील असे एक काम घेऊ.

त्यातले निम्मे काम वाटून देता येत असेल, तर झिऑनची न वाटलेली ५० मिनिटे तशीच राहतात. उरलेली ५० मिनिटे चौदा जणांत वाटून साडेतीन होतात. एकूण सुमारे ५४ मिनिटे. आय५ चा न वाटलेला भाग २५ मिनिटांत आणि वाटलेला चार मिनिटांत संपतो. एकूण २९ मिनिटे. कोअर निम्म्याहून कमी, तरी काम जवळपास निम्म्या वेळात!

शंभरातले ९५ टक्के काम वाटता येत असेल, तर झिऑनला सुमारे १२ मिनिटे लागतील आणि आय५ ला साडेदहा. म्हणजे चौदा कारागिरांना पूर्ण वाव मिळाला तेव्हा कुठे जुनी चिप बरोबरीला येते.

घरातले आणि दुकानातले बहुतेक काम पहिल्या प्रकारचे असते. टॅलीतल्या नोंदी, मराठी टायपिंग, ब्राउझरमध्ये उघडलेली सरकारी पोर्टले, सातबारा काढणे, ऑटोकॅडमधला नकाशा या कामांत बराच वेळ एकदोन कोअरच राबतात आणि बाकीचे बसून असतात. व्हिडिओच्या कामात तर आणखी एक फरक पडतो. या आय५ च्या पोटात ग्राफिक्सचा भाग असतो आणि त्यात व्हिडिओ उलगडण्या-दाबण्यासाठी खास मंडल असते. त्या झिऑनमध्ये ग्राफिक्सच नसते. नुसते चित्र पडद्यावर दिसायलाही वेगळे कार्ड विकत घ्यावे लागते. ‘आय५-१२४००एफ’ अशा ‘एफ’ लावलेल्या स्वस्त प्रकारातही ग्राफिक्स नसते, हे नवा प्रोसेसर घेतानाही लक्षात ठेवावे.

मीटर काय सांगतो?

डब्यावर झिऑनचे १२० वॅट आणि आय५ चे ६५ वॅट असे आकडे असतात. ते प्रत्यक्ष वापराचे नसतात. प्रोसेसरची उष्णता काढून टाकण्याची किती सोय हवी, याचा तो अंदाज असतो. जोर लावला की हा आय५ सुद्धा ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. खरा फरक पडतो तो यंत्र नुसते चालू असताना. समोर गिऱ्हाईक बोलत आहे, पडद्यावर अर्धवट अर्ज उघडा आहे, प्रोसेसरला काम नाही, अशी दिवसातली बहुतेक वेळ.

डेस्कटॉपची नवी चिप अशा वेळी आपले बरेच भाग झोपवून ठेवते. सर्व्हरची चिप सतत कामात राहील या हिशेबाने घडवलेली असते. मेमरीचे चार मार्ग, जोडण्यांच्या चाळीस वाटा, मोठी कॅशे, या सगळ्यांना थोडीथोडी वीज लागतच राहते. त्यात वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची भर. शिवाय चिपमधला विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे व्होल्टेज थोडे कमी झाले तरी बचत मोठी होते, आणि नव्या चिपा हे व्होल्टेज क्षणोक्षणी जास्त बारकाईने सांभाळतात.

मॉनिटर सोडून जुने यंत्र दिवसभराच्या मिश्र कामात सरासरी १२० वॅट आणि नवे ४५ वॅट घेते, असे धरू. फरक ७५ वॅटचा. रोज दहा तास, वर्षाचे ३०० दिवस म्हणजे २२५ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर आणि पुन्हा ३०० युनिटांनंतर दर वरची पायरी चढतो. कॉम्प्युटरचे जादा युनिट घरातल्या इतर वापराच्या वर पडतात, म्हणून ते नेहमी वरच्या पायरीच्या भावाने मोजले जातात. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये लावले, तर वर्षाला २,२५० आणि चार वर्षांत ९,००० रुपये. चिप घेताना जी बचत झाली, त्यातली बहुतेक इथेच परत जाते.

आणि हे यंत्र कोणी चोवीस तास चालू ठेवले, तर तोच ७५ वॅटचा फरक वर्षाला ६५७ युनिट होतो. चार वर्षांत २६ हजार रुपयांच्या पुढे. एवढ्या पैशांत दुसरा कॉम्प्युटर येतो. दोन-दोन झिऑन बसवलेल्या बोर्डांचा तर विचारच नको.

खोलीतला आणखी एक माणूस

कॉम्प्युटर जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. शांत बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे १२० वॅटचे जुने यंत्र हे दहा बाय दहाच्या खोलीत दिवसभर बसलेल्या आणखी एका माणसासारखे. त्याला पूर्ण जोर लावला, की दोन माणसांसारखे. ४५ वॅटचे यंत्र अर्ध्या माणसाइतकेही नाही.

घाटावर हे कदाचित जाणवणार नाही. कुंडलिकेच्या काठी, एप्रिल-मेच्या दमट हवेत, ते जाणवते. शरीर स्वतःला थंड ठेवते ते घामाच्या बाष्पीभवनाने. हवेत आधीच बाष्प भरलेले असले की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अशा वेळी पंखा खोलीतलीच गरम हवा फिरवत राहतो. दुपारी पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली तापलेल्या बंद खोलीत आणखी शंभर वॅटची भर पडली, की डोके जड होणे, चिडचिड, एकाग्रता मोडणे हे लवकर सुरू होते. त्याच खोलीत रात्री मूल झोपत असेल, तर यंत्र रात्रभर चालू ठेवण्याची किंमत त्याच्या झोपेत मोजावी लागते. रॅकमधून जसेच्या तसे काढलेले सर्व्हर तर घरात चालवण्यासाठी नसतातच. त्यांचे छोटे पंखे कर्कश आवाजात फिरतात.

धुळीचा प्रश्न वेगळा. जास्त तापणाऱ्या यंत्राला जास्त हवा ओढावी लागते आणि हवेबरोबर धूळही आत येते. मूर्तींच्या घासकामातली प्लॅस्टरची पांढरी भुकटी, त्यावर पावसाळ्यातला ओलावा, खाडीकडची खारी हवा, असा थर हीटसिंकच्या पट्ट्यांत आणि मदरबोर्डच्या टाक्यांवर बसला की यंत्र आणखी तापते आणि गंजते. कारखान्याच्या आवारात ठेवायच्या कॉम्प्युटरला कमी वॅटचा प्रोसेसर हा म्हणूनच जास्त टिकाऊ पर्याय ठरतो.

वीज गेल्यावर

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. तसे संकट रोज येत नाही. पण पावसाळ्यात झाड पडून, तार तुटून वीज जाणे कोकणाला नवीन नाही.

घरोघरी दिसणाऱ्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास वीज मावते. इन्व्हर्टरमधली तूट वगैरे वजा जाता १,२०० च्या आसपास हाती लागते. त्यावर पंखा-दिव्याचे ८० वॅट, मॉनिटरचे २५ आणि जुन्या कॉम्प्युटरचे १२० असा भार टाकला, तर ती साधारण सव्वापाच तास पुरेल. कॉम्प्युटर ४५ वॅटचा असेल, तर आठ तास. अर्जाची शेवटची तारीख असलेल्या दिवशी हा पावणेतीन तासांचा फरक सेवा केंद्राचा अख्खा दिवस वाचवू शकतो.

जुनी चिप केव्हा घ्यावी?

काही कामांत मात्र जुना झिऑन खरोखर चांगला सौदा असतो. भरपूर मेमरी हवी असेल, तर सर्व्हरमधून निघालेली ‘रजिस्टर्ड ईसीसी’ मेमरी त्याला चालते. साध्या डेस्कटॉप बोर्डावर ती चालत नाही. एकाच यंत्रात सात-आठ आभासी कॉम्प्युटर उभे करून नेटवर्किंग शिकणारा लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातला विद्यार्थी, त्रिमितीय चित्रांचे लांबलचक रेंडरिंग करणारा कलाकार, मोठी आकडेमोड करणारा संशोधक यांची कामे चौदा जणांत नीट वाटली जातात. यंत्र रोज नव्हे, गरजेपुरते चालवले तर वीजही फार जात नाही.

ईसीसी मेमरीचा एक गुण तर अस्सल विज्ञानातला आहे. अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे किंवा इतर कारणांनी मेमरीतला एखादा शून्य अचानक एक होऊ शकतो. २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक येथे इलेक्ट्रॉनिक मतमोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त मिळाल्याचे आढळले. हा आकडा म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच बिट उलटल्याची ती खूण होती. ईसीसी मेमरी अशी एका बिटाची चूक ओळखून जागच्या जागी दुरुस्त करते. हिशेब दिवसेंदिवस चालणार असेल आणि चुकून चालणार नसेल, तिथे याला मोल आहे.

जुनी चिप घ्यायचीच, तर ‘व्ही३’ किंवा ‘व्ही४’ पिढीची घ्यावी. त्याआधीच्या ई५ चिपांना ‘एव्हीएक्स२’ नावाच्या सूचना कळत नाहीत आणि काही नवी सॉफ्टवेअर त्यांच्याशिवाय चालत नाहीत. चिपवर ‘ईएस’ असा उल्लेख असेल, तर ती चाचणीसाठी काढलेली नमुना चिप असते, ती टाळावी. ‘एक्स९९’ नावाने विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त बोर्डांवर प्रत्यक्षात जुन्या, साध्या बोर्डांतून काढलेला चिपसेट बसवलेला असतो, तेही पाहून घ्यावे. पैसे वाचवायचे तर पॉवर सप्लायमध्ये वाचवू नयेत. हलका पॉवर सप्लाय आणि घरातले कच्चे अर्थिंग हा धोका कोणत्याही चिपच्या किमतीपेक्षा मोठा आहे.

ऑपरेटिंग सिस्टीमचीही अडचण आहे. ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ‘विंडोज ११’च्या अधिकृत यादीत हे जुने झिऑन नाहीत. लिनक्स वापरणाऱ्याचे यात काही अडत नाही. पण गिऱ्हाइकांचे आधार आणि बँकेचे तपशील हाताळणाऱ्या दुकानात सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारे यंत्र ठेवणे बरोबर नाही.

कचऱ्याची बाजू

जुने यंत्र वापरणे म्हणजे कचरा कमी करणे, हा मुद्दा खोटा नाही. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा उघड्यावर जाळला जातो किंवा आम्लात बुडवून त्यातला धातू काढला जातो. त्यातून सुटणारे शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते आणि शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी माहीत नाही. म्हणून चालू चिप आणखी काही वर्षे कामात राहिली तर चांगलेच. मात्र ती कमी तास आणि योग्य कामाला वापरली तर. रात्रंदिवस जास्त वीज खाऊन ती हा फायदा पुसून टाकते. आणि शेवटी बंद पडली, की भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच गेली पाहिजे.

कमी बजेटवाल्यांसाठी दुकानदाराच्या कागदावर सहसा नसलेला तिसरा पर्यायही आहे: कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले, आठव्या ते दहाव्या पिढीतल्या आय५ चे छोटे तयार डेस्कटॉप. ते कमी वीज घेतात, त्यांत ग्राफिक्स असते, ‘विंडोज ११’ चालते आणि एक यंत्र कचऱ्यातूनही वाचते. टायपिंग, बिले, अर्ज आणि मुलांचा अभ्यास यांना ते पुरेसे आहेत.

निर्णय घेण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: यंत्र दिवसाला किती तास चालणार, त्यावर मुख्यतः कोणते सॉफ्टवेअर चालणार, आणि ते कोणत्या खोलीत असणार. मग दुकानात यंत्र जोडून झाल्यावर प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मागावा, नेहमीचे सॉफ्टवेअर अर्धा तास चालवून पाहावे आणि पडलेला आकडा टिपून घ्यावा. कोअर किती आहेत हे दुकानदार सांगतोच. किती वॅट जातात, हे गिऱ्हाइकाला विचारावे लागते.